बाहेर काय?

गेल्या वर्षी गणपती गेले आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड. वय ७८. ऑपरेशन झालं, आत रॉड की प्लेट काय ते टाकलं, आणि दहा-बारा दिवसांनी त्यांना घरी आणून मागच्या खोलीतल्या कॉटवर ठेवलं. मागच्याच खोलीत का, तर तिथून बाथरूम जवळ, एवढंच. पण त्या खोलीच्या खिडकीतून दिसतं काय तर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, भिंतीवरून खाली आलेला पाईप आणि पाईपाच्या सांध्यात उगवलेलं वीतभर पिंपळाचं रोप. बस्स. ज्या माणसाची सगळी नोकरी उघड्यावर गेली त्याला हे दृश्य.

पहिल्याच संध्याकाळी मी सातपूरहून आलो, बॅग टेकवली आणि विचारलं, काय अण्णा, दुखतंय का?

"माझं राहू दे. बाहेर काय?"

"बाहेर काय, नेहमीचंच. ट्रॅफिक."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला दहावीचं गणिताचं पेपर वाटप आठवलं. बोलले काहीच नाहीत. भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले.

आता इथे अण्णांच्या नोकरीबद्दल सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ते सरकारी नोकरीत होते आणि त्यांचं काम होतं पाऊस मोजणं, पाणी मोजणं. म्हणजे इंजिनियर वगैरे नाही, अगदी खालच्या पोस्टवरचं काम, रोज सकाळी ठरल्या वेळेला जायचं, पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, खालच्या बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि रजिस्टरला लिहायचा. मे महिन्यात सुद्धा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की अण्णा, कडक ऊन आहे, आठ महिने पाऊस नाही, मग जाता कशाला, घरूनच शून्य लिहा की. तर म्हणाले, शून्य पण बघूनच लिहायचा असतो.

आणि एक किस्सा ते नेहमी सांगायचे, त्यांच्या बरोबरीच्या एकाचा. त्याने जुलैचे पंधरा दिवस घरी बसून रजिस्टर भरलं. वरच्या साहेबाने नुसतं पान उघडलं आणि ओळखलं. सगळे आकडे पाच, दहा, पंचवीस, चाळीस. साहेब म्हणाला, अरे पावसाला काय पाचाचा पाढाच येतो का?

तर असा हा माणूस कॉटवर, आणि बाहेरचं रजिस्टर माझ्याकडे.

दोन-तीन दिवस मी "ट्रॅफिक", "गरम होतंय", "ढग आहेत" यावर काढले. चौथ्या दिवशी सकाळी रामवाडीच्या पुलावर गाड्या तुंबल्या. आम्ही मखमलाबाद रोडला राहतो, ऑफिस सातपूरला, म्हणजे रोज दोनदा गंगा ओलांडतो. (नाशिकबाहेरच्यांसाठी, गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. बुधवारचा बाजारही गंगेवर भरतो आणि माणूस गेला की त्यालाही गंगेवरच नेतात.) इतकी वर्षं हा पूल म्हणजे माझ्यासाठी साडेनऊला हॉर्न वाजवायची जागा होती. त्या दिवशी अडकलो, गाडी बंद केली, आणि संध्याकाळी काहीतरी सांगावं लागेल म्हणून कठड्यावरून खाली बघितलं.

संध्याकाळी सांगितलं, गंगेला पाणी आहे बऱ्यापैकी.

"रंग?"

"चहासारखा."

"दुधाचा का कोरा?"

मला हसू आलं पण ते सिरियस होते. मी आठवून बघितलं. दुधाचा, मी म्हणालो. घट्ट दुधाचा.

"म्हणजे त्र्यंबकला अजून चालू आहे. धरणातून सोडतायत."

बरोबर होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडा होताच. नाशिकच्या माणसाला क्युसेक हा शब्द शाळेत शिकवावा लागत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हे अण्णांनी मला पाढ्यांच्या वयात पाठ करून घेतलेलं. पण खरं सांगायचं तर आमचं गावाचं माप वेगळंच आहे, गंगेच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. धरणातून किती हजार क्युसेक सोडले हे पेपर वाचणाऱ्यांसाठी, बाकी सगळे विचारतात मारुतीला कुठपर्यंत आलं. गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्याला आलं की सराफ बाजारातले लोक दुकानं आवरायला लागतात. अण्णा आयुष्यभर सेंटीमीटर-मिलिमीटरमध्ये जगले तरी पुराच्या दिवशी त्यांचाही पहिला प्रश्न हाच असायचा.

आठवड्याभराने मी आपणहून सांगितलं, आज कोरा चहा होता. आणि त्यांच्या तोंडावर असा काही आनंद आला की मला माझीच लाज वाटली, एवढ्याशा गोष्टीला एवढा आनंद होणारा माणूस घरात होता आणि मी त्याला रोज ट्रॅफिक सांगत होतो.

मग लागला हत्ती. म्हणजे हस्त नक्षत्र. आमच्याकडे पावसाची नक्षत्रं आईच्या ताब्यात आहेत. कॅलेंडरच्या मागच्या पानावरून ती वाचून दाखवते, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा, आणि कुठल्या नक्षत्राला कुठलं वाहन. बेडूक किंवा म्हैस असली की पाऊस नक्की. अण्णा मापाच्या काचेतले, त्यांना हे सगळं थोतांड वाटतं, पण दर तेरा-चौदा दिवसांनी "यंदा वाहन काय गं" हे विचारल्याशिवाय राहवत नाही. हत्तीचा पाऊस मात्र त्यांना मान्य आहे. तो असा संध्याकाळीच येतो, दिवसभर चटके बसणारं ऊन, चारच्या सुमाराला काळं होत येतं आणि मग गडगडाट करत तासभर नुसता ओततो, आणि आठ वाजता वर चांदण्या. जूनचा पाऊस घरात राहायला आलेल्या पाहुण्यासारखा, हा उधारी वसूल करायला आल्यासारखा. त्या तासात अण्णा मला बोलूच द्यायचे नाहीत. पत्र्यावरचा आवाज ऐकत पडायचे आणि थांबल्यावर म्हणायचे, बावीस-तेवीस मिलिमीटर. खरं-खोटं करायला माझ्याकडे काही नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये बूच सापडलं. सापडलं म्हणजे काय, त्या रस्त्याने मी अकरा वर्षं जातोय. एका बंगल्याच्या कंपाउंडला लागून उंच झाड आहे आणि खाली रस्त्यावर सकाळी पांढरी फुलं पडलेली असतात, त्यावरून मी अकरा वर्षं गाडी घातली असणार. त्या दिवशी थांबलो, एक उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. संध्याकाळी अण्णांच्या हातावर ठेवलं तर त्याची ती बोटभर नळी वाकलेली, पाकळ्यांच्या कडा तपकिरी. अण्णांनी नाकाजवळ नेलं, उलटसुलट केलं.

"सकाळचं आहे. शिळं."

दुसऱ्या दिवशी मी डब्याच्या झाकणात ओला रुमाल ठेवून सात फुलं आणली. (ऑफिसात एकाने विचारलं हे काय, मी म्हणालो औषध.) आई आली, फुलं बघितली आणि न बोलता कॉटच्या कडेला बसली. तीन फुलं घेतली, नळ्या एकमेकींवरून घेत वेणी घालायला लागली, मग चौथं फूल त्यात अडकवलं, पाचवं अडकवलं. सुई नाही, दोरा नाही. तिची बोटं जाडी झालीत आता, सांधे सुजतात, पण त्या कोवळ्या नळ्या एकदाही तुटल्या नाहीत. मला माहीतच नव्हतं की आईला हे येतं. मी म्हणालो, कधी शिकलीस? ती म्हणाली, शाळेत जाताना, सगळ्याच करायच्या. अण्णा बघत होते. त्यांना माहीत होतं असं दिसलं.

त्याच सुमाराला संध्याकाळी सातवीण (सप्तपर्णी) फुलायला लागली. ती सापडावी लागत नाही, तीच तुम्हाला शोधते, सिग्नलला हेल्मेटच्या आत घुसते. काही लोकांना तिच्या वासाने डोकं दुखतं, मला पण दुखतं खरं तर. पण वास काही खिशात आणता येत नाही म्हणून मी ती तोंडी कळवली. कॉलम भरला.

दिवाळीनंतर अण्णा वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत पावलं टाकायला लागले आणि माझा उत्साह नेमका तेव्हाच उतरला. ऑफिसात काम वाढलं, घरी यायला नऊ. एक मित्र म्हणाला तुला स्ट्रेस आहे, हे अ‍ॅप टाक, क्षणात जगायला शिकवतं. टाकलं. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून बसलो तर एक बाई अतिशय हळू आवाजात सांगते, आपल्या श्वासाकडे लक्ष द्या, तो आत येतोय, तो बाहेर जातोय. आता श्वास आत येतो आणि बाहेर जातो हे मला माहीत आहे. त्याच्याबद्दल मला कुणी काही विचारणार नव्हतं. पाचव्या दिवशी मी ते ऐकता ऐकता झोपलो, आणि अ‍ॅपने मला शाबासकी दिली की सलग पाच दिवस.

त्याच आठवड्यात मी खोटं बोललो. डिसेंबरचा मध्य असेल. रात्री आलो, अण्णा जागे, "बाहेर काय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, पळस फुललाय.

अण्णा वॉकर धरून उठून बसले.

"कुठं?"

"ते... त्र्यंबक रोडला."

"पानं होती का गळाली होती?"

मी म्हणालो होती, हिरवीगार.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी शांतपणे म्हणाले, "पळस पानं टाकतो आणि मग फुलतो. फेब्रुवारीत, लवकरात लवकर जानेवारी संपता. हे घरी बसून भरलेलं दिसतंय."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, दोन माणसांच्या सह्या चालतात तिथे माझी एकट्याची चालते, आणि बापासमोर एका झाडावरून खोटं बोलताना पकडला गेलो. दुसऱ्या दिवशी खरंच काही दिसलं नाही, म्हणजे मी बघितलं, पुलावर बघितलं, बुचाकडे बघितलं, ते संपलेलं. तसं सांगितलं. बघितलं पण काही दिसलं नाही.

"चालेल," अण्णा म्हणाले. "शून्य."

थंडी मात्र भरपूर कमाईची गेली. दिंडोरीच्या बाजूला माझ्या मावसभावाचा द्राक्षबाग आहे. द्राक्षवाल्यांना तारीख विचारली तर सांगता येत नाही, त्यांचं कॅलेंडर छाटणीपासून सुरू होतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की तिथून दिवस मोजायचे. "आज पंचेचाळिसावा" म्हणजे काय, तर थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) झालं, मणी अमुक एमएमचा, अमुक फवारा राहिला. एका दिवसाचा पाऊस फुलोऱ्यात पडला तर गळ, कुज, डावणी रोग. हा माणूस सकाळी डोळे उघडल्यावर आधी आभाळ बघतो, कर्जामुळे बघतो, कुठल्या आवडीने नाही. माझ्यासारख्याने ऋतूंच्या प्रेमाबद्दल त्याच्यासमोर बोलू नये. अण्णांचं आणि त्याचं मात्र फोनवर छान जमायला लागलं. "कितवा आज?" "ब्याऐंशी." "पाणी उतरलं?" "उतरतंय, काका."

पाणी उतरणं म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडायला लागतो, आतून उजळ होतो, साखर भरायला सुरुवात होते. अण्णांना, आयुष्यभर पाणी मोजलेल्या माणसाला, हा शब्द फार आवडला. मला हुकूम झाला, जाऊन बघून ये.

निफाडचा पारा ५ अंशांवर असल्याची बातमी होती त्या आठवड्यात. पहाटे पाचला मी बागेत पोचलो तेव्हा बोटं हँडलला चिकटल्यासारखी झालेली. आत ओळींच्या मध्ये शेकोट्या, ओला पालापाचोळा आणि भुसा घातलेल्या, जाळ नकोच असतो, धूर पाहिजे. धूर वर जातच नव्हता, मांडवाच्या खाली कमरेएवढा आडवा पसरलेला, आणि त्या धुरात घडांची शेपटं लोंबत होती. ड्रिप चालू होतं. एवढ्या थंडीत पाणी का देतोस विचारलं तर म्हणाला, बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतं, मुळाशी जरा ऊब राहते, नाहीतर थंडीने मण्याला तडे जातात. मी नळीजवळ हात धरला. खरंच कोमट. भावाने एक मणी तोडला आणि मोबाईलचा टॉर्च त्याच्या मागे धरला. आत धुरकट हिरवा उजेड, मधे दोन बियांच्या बारीक सावल्या, आणि देठाकडून आत आलेल्या शिरा, अगदी नकाशातल्या नद्यांसारख्या. शेजारचा मणी तोडला, त्याच घडातला, तर तो अजून खडा. टॉर्च लावला तरी बंद घरासारखा.

"एकाच घडात?" मी विचारलं.

"सगळे काय एका दिवशी मोठे होतात का," तो म्हणाला आणि शेकोटीत भुसा टाकायला गेला.

अण्णांना हे सगळं सांगायला मला अर्धा तास लागला. त्यांनी मधे तीनच प्रश्न विचारले, त्यातला एक होता, बोअर किती फुटांचं. मला माहीत नव्हतं. फोन लावून विचारायला लावलं.

संक्रांतीच्या आसपास ते हॉलमधून गॅलरीपर्यंत यायला लागले आणि माझी मक्तेदारी संपली. गॅलरीतून रस्ता दिसतो आणि लांब चामरलेणीचा डोंगर. आता मी तोंड उघडायच्या आधी तेच सांगायचे, डोंगर पिवळा होता तो आता मातीचा झाला, एका उतारावर गवत जाळलंय कुणीतरी, पतंग आठ, त्यातले दोन एकाच गच्चीवरून. मी पळस पाहिला फेब्रुवारीच्या शेवटी, यावेळी खरा, एकही पान नसलेला, फोटोसकट पुरावा आणला. फोटो त्यांनी बाजूला ठेवला, "फांद्या किती लागल्यात ते सांग." काटेसावर त्याच्या आधीच येऊन गेली होती, ती मी नोंदवली आणि फार बोललो नाही, तिचं फूल खिशात फुटून शर्ट खराब झाला होता.

रंगपंचमीला त्यांना रहाडीची आठवण आली. जुन्या नाशकात जमिनीखाली पेशवेकाळातले हौद आहेत, वर्षभर बंद करून वरून रस्ता वाहता, आणि वर्षातून त्या दिवसाला उघडून रंगाचं पाणी भरतात, लोक वरून उड्या टाकतात. धप्पा म्हणतात त्याला. अण्णांनी तरुणपणी मारलेले. मी वर्षभर ज्या रस्त्यावरून जातो त्याच्याखाली एक अख्खा सण झाकून ठेवलाय हे मला अजूनही पटत नाही. आणि त्याहून मोठं झाकण म्हणजे सिंहस्थ. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी, २००३, २०१५, आता २०२७. सध्या त्याच्या नावाने जिकडे तिकडे रस्ते खोदलेत आणि ती धूळ हाही आमच्याकडचा एक ऋतूच समजा, अण्णांनी तिची नोंद घ्यायला नकार दिला.

पाडव्याला ते पहिल्यांदा खाली उतरले. लिफ्ट नाही, तीन मजले, पंचवीस मिनिटं लागली. मागे मी, पुढे वॉचमन, आई वरून सूचना देतेय. गेटजवळ लिंबाचं झाड आहे, त्याची डहाळी दर पाडव्याला मीच तोडून आणतो गुढीसाठी. अण्णांनी वॉकर सोडून खोडाला हात लावला आणि उभे राहिले. मी म्हणालो पाय दुखतील, बसा. ते वर बघत होते. काय बघताय म्हणालो, तर म्हणाले, गप्प उभा राहा जरा.

त्यानंतर रोज सकाळी एकदा खाली जातात. संध्याकाळी मी आलो की पेपर वाचत असतात, आता विचारत नाहीत. मलाच चुकल्यासारखं होतं. पुलावर सवयीने खाली बघितलं जातं, पाणी आता कोरा चहा पण नाही, खडकांमधे डबकी, शेवाळ, बगळे. आणतो घरी आणि तसंच राहतं.

परवा न राहवून मीच सुरुवात केली. अण्णा, खालच्या लिंबाला मोहर आलाय, वास सुटलाय आज.

त्यांनी पेपर खाली केला नाही.

"रविवारी आला," म्हणाले. "शिळी."

आतून आई ओरडली, मशीनच्या फिल्टरमधे पुन्हा कचरा अडकलाय, कुणाच्या खिशात काय होतं? आम्ही दोघांनी एकदमच आपापला खिसा चाचपला.